आधी बूट, मग बाइंडिंग: टाच वर येते आणि पाय बधिर होतो तेव्हा

तुमचा प्रश्न नीट वाचला. मला कळलं ते असं: स्नोबोर्ड 156 सेंटीमीटरचा, मधल्या फ्लेक्सचा, म्हणजे मधल्या कडकपणाचा. त्याच्याबरोबर आलेलं बाइंडिंग, म्हणजे बुटाला बोर्डवर धरून ठेवणारा भाग, मऊ. बूट मोंडो 28 चे (मोंडो म्हणजे पावलाच्या लांबीचं सेंटीमीटरमधलं माप), आणि ते तुम्ही जाड मोजे बसावेत म्हणून मुद्दाम नेहमीपेक्षा एक नंबर मोठे घेतलेत. टोसाइडला, म्हणजे बोटांकडच्या कडेवर, वळताना टाच आतल्या आत वर येते, म्हणून तुम्ही घोट्यावरचा स्ट्रॅप आवळत जाता, अर्ध्या तासात पाय बधिर होतो आणि एवढं करूनही बोर्ड उशिरा वळतोय असं वाटतं. कुणीतरी म्हणालं कडक बाइंडिंग घे, रिस्पॉन्स येईल. म्हणून आता कुठलं घेऊ, किती फ्लेक्सचं, मीडियम की लार्ज, की सरळ स्टेप ऑनवरच (स्ट्रॅपशिवाय, पाय ठेवताच बूट अडकणाऱ्या बाइंडिंगवर) जाऊ, असं विचारताय.

माझं मत आधीच सांगतो. तुमचा प्रॉब्लेम बाइंडिंगचा नाहीये, बुटाचा आहे. मी बूट फिटिंगचं आणि बाइंडिंग बसवायचं काम बरीच वर्षं करतोय, शिकवतोही. "बाइंडिंग स्लो आहे" म्हणत जे लोक येतात त्यातल्या बऱ्याच जणांना मी आधी बूट घालून उभं राहायला सांगतो, कारण घोळ बहुतेक वेळा बुटाच्या आतच सापडतो. या बुटावर तुम्ही सगळ्यात कडक आणि सगळ्यात महाग बाइंडिंग जरी लावलंत तरी टाच तेवढीच वर येणार आहे, कारण बाइंडिंग बुटाला धरतं, पायाला नाही.

हे नीट समजावं म्हणून वळणात नेमकं काय होतं ते बघू. टोसाइडला तुम्ही गुडघे आणि घोटे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबता, चवड्याचा दाब बोर्डच्या पुढच्या कडेकडे जातो आणि टाचेकडची कड बर्फावरून उचलली जाते. ती कड उचलतं कोण? तुमची टाच बुटाला वर ओढते, बूट घोट्यावरच्या स्ट्रॅपला ओढतो, स्ट्रॅप बेसप्लेटला (बाइंडिंगच्या तळाला) आणि बेसप्लेट बोर्डला. आता टाच बुटात एक-दीड सेंटीमीटर मोकळी असेल तर आधी ती तेवढी वर सरकते, मग बुटाला लागते आणि त्यानंतर बोर्डला पत्ता लागतो. तुम्हाला जो उशीर जाणवतोय तो हाच. हीलसाइडला, म्हणजे टाचेकडच्या कडेवर, उलटं होतं, पोटरी बुटाच्या मागच्या भिंतीवर रेलते, ती हायबॅकवर (बाइंडिंगच्या मागच्या उभ्या पाठीवर), हायबॅक हीलकपवर (टाचेमागच्या कमानीवर), आणि कड बर्फात घुसते. तिथे टाच खालीच दाबलेली असते म्हणून हीलसाइड तुम्हाला त्या मानाने बरी वाटते. तुम्ही लिहिलंय की त्रास फक्त टोसाइडलाच आहे, त्यावरूनच मला बुटाचा संशय आला. बाइंडिंगच फार मऊ असतं तर हीलसाइडलाही हायबॅक मागे वाकल्यासारखा वाटला असता.

आणि बधिरपणाचं कारणही तेच. टाच जागेवर राहावी म्हणून तुम्ही स्ट्रॅप आवळता, स्ट्रॅप पावलाच्या वरच्या भागावर बसतो, आणि तिथे कातडीच्या लगेच खाली नस आणि रक्तवाहिनी आहे, वर मांसाची गादी जवळजवळ नाहीच. दाबलं की आधी मुंग्या येतात, मग बोटं गार पडतात. मग माणसाला वाटतं थंडीने होतंय, तो अजून जाड मोजा घालतो, बूट आतून अजून घट्ट होतो आणि रक्त अजून कमी पोचतं. हे चक्र मी इतक्या वेळा पाहिलंय की गार बोटांची तक्रार आली की मी मोज्यांच्या आधी स्ट्रॅप बघतो.

इथे एक फरक ओळखायला शिका. बोटं बधिर होणं वेगळं आणि तळव्याची कमान जळल्यासारखी दुखणं वेगळं. दुसरं होतं ते बूट सैल असल्यामुळे, पाय आत घसरू नये म्हणून बोटं नकळत खाली वळवून पकडून ठेवतात, त्याने. सैल बुटात दोन्ही एकाच दिवसात होऊ शकतं, सकाळी कमान दुखते म्हणून स्ट्रॅप आवळला, दुपारी बोटं गेली.

तर आधी पाऊल मोजा. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, वजन दोन्ही पायांवर, आणि सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा, ते अंगठ्याशेजारचं बोटही असू शकतं. दोन्ही पाय मोजा, मोठा असेल तो धरा. मिलिमीटरमध्ये जो आकडा येईल तोच तुमचा मोंडो साइज, म्हणजे 265 मिलिमीटर आलं तर 26.5. रोजच्या बुटांच्या नंबरवरून स्नोबोर्ड बूट काढायला गेलात की चुकणारच, कारण रोजचे बूट आपण बोटांपुढे जागा ठेवून घेतो. तुम्ही म्हणताय रोजचा अमेरिकन 9 घालता, तो कागदावर 27 चा. पण रोजचा 9 घालणाऱ्या कितीतरी लोकांचं पाऊल मोजल्यावर 26.5 च्या आसपास भरतं. तसंच तुमचं असेल तर 28 च्या बुटात तुम्ही दीड सेंटीमीटर हवेत आहात. मोजल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण तुमची लक्षणं अगदी तशीच आहेत.

आत्ताच्या बुटाची घरच्या घरी एक तपासणी करा. लायनरच्या, म्हणजे बुटातल्या मऊ आतल्या थराच्या, आतला सोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा, त्याच्यावर उभे राहा, टाच त्याच्या मागच्या कडेशी जुळवून. पुढे बोटांच्या टोकापासून सोलच्या टोकापर्यंत किती जागा उरते ते बघा. दोन-चार मिलिमीटर असेल तर बूट लांबीला बरोबर आहे आणि आपल्याला टाच धरण्याचा उपाय दुसरीकडे शोधावा लागेल. बोटाची रुंदी मावत असेल तर मात्र उत्तर मिळालं.

बरोबर बसणारा बूट कसा लागतो ते सांगतो, कारण पहिल्यांदा घालणाऱ्याला तो लहानच वाटतो. सरळ उभं राहिल्यावर बोटांची टोकं लायनरला टेकलेली जाणवली पाहिजेत. टेकलेली, वळलेली नाही. मग गुडघे वाकवून नडगी जिभेवर दाबा, टाच मागे बसते आणि बोटं जराशी मोकळी होतात. आपण बोर्डवर असतो तेव्हा याच अवस्थेत असतो, त्यामुळे दुकानात ताठ उभं राहून "बोटं लागतायत, पुढचा नंबर द्या" म्हणणं हीच सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. मग तसंच वाकलेल्या अवस्थेत चवड्यांवर जा, आणि आत टाच किती उचलते ते जाणवून घ्या. अगदी किंचित हललेलं चालतं, पण ती सरकून वर आलेली स्पष्ट कळत असेल तर तो बूट तुमचा नाही, मग तो कितीही चांगल्या ब्रँडचा असो. आणि वीस-पंचवीस मिनिटं बूट पायातच ठेवा. पहिली पाच मिनिटं सगळेच बूट बरे वाटतात, एका ठरावीक जागी टोचणं नंतर सुरू होतं. सगळीकडून सारखा घट्टपणा असेल तर काळजी नको, तो सैलावतो. एका बिंदूवर टोचत असेल तर लक्ष द्या.

लायनरचा फोम वापरात दबतो, पहिल्या काही दिवसांतच फरक जाणवतो, आणि साधारण अर्ध्या नंबराएवढी जागा सुटते असं धरून चाला. म्हणून नवा बूट आज "एकदम मस्त आरामात" बसतोय म्हणजे तो महिन्याभरात सैल होणार. हीट मोल्डिंग करून, म्हणजे तापवून, लायनर पायाच्या आकाराचा करता येतो, घोट्याच्या हाडापाशी किंवा करंगळीच्या बाजूला टोचत असेल तर त्याचा छान उपयोग होतो. मात्र त्याने लांब बूट आखूड होत नाही. मोजा एकच, पातळ ते मध्यम, लोकरीचा किंवा सिंथेटिक, सुती नाही, आणि पोटरीपर्यंत जाणारा. पाय गरम राहतो तो वाहत्या रक्ताने आणि कोरड्या मोज्याने. दोन मोजे घातले की आत सुरकुत्या पडतात आणि घाम अडकतो.

तुमच्यासारखा टाचेचा त्रास असेल तर लेसिंगचा प्रकारही बघा. एकच बोआ डायल (फिरवून तार आवळायची चकती) असलेल्या साध्या बुटात सगळा पाय एकदम आवळला जातो, म्हणजे टाच धरायला डायल फिरवली की पावलाचा वरचा भागही दाबला जातो आणि आपण परत बधिरपणाकडे. दोन डायल असतील, किंवा घोट्याभोवतीचा आतला पट्टा वेगळा ओढता येत असेल, तर टाच घट्ट आणि पाऊल मोकळं असं जमतं. पारंपरिक लेस आणि ओढून अडकवायच्या स्पीड लेसनेही हे होतं. लेस बांधायला वेळ लागतो पण तुटली तर कुठलीही दोरी चालते. बोआची तार तुटली तर तिचाच सुटा भाग लागतो, तो बॅगेत असू द्या.

आता लगेच नवे बूट घेणं शक्य नसेल तर? अर्ध्या नंबराचा फरक असेल तर मार्ग आहेत. फोमचे इंग्रजी जे अक्षराच्या आकाराचे तुकडे मिळतात, जे-बार म्हणतात, ते लायनरच्या बाहेरून घोट्याच्या हाडाखाली आणि मागे चिकटवायचे, म्हणजे टाचेच्या वरची खोबण भरून निघते आणि टाच वर यायला जागा राहत नाही. कमानीला आधार देणारा चांगला सोल टाकला तर पाय आत पसरत नाही, त्यानेही टाच जास्त स्थिर बसते. पण दीड नंबराचा फरक असेल तर या गोष्टींनी एखादा दिवस बरा जाईल, सीझन जाणार नाही. तेव्हा बाइंडिंगसाठी ठेवलेले पैसे बुटांकडे वळवा, हा माझा स्पष्ट सल्ला. तुमचं आत्ताचं मऊ बाइंडिंग धडधाकट असेल तर ते राहू दे, बरोबर मापाच्या बुटाबरोबर त्याच बाइंडिंगमधून किती काय मिळतं ते आधी अनुभवा.

जाता जाता एक. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, पडल्यानंतर किंवा उडी उतरल्यावर दुखायला लागलं आणि मुरगळल्यासारखं वाटलं पण काही दिवसांत कमी झालं नाही, तर डॉक्टरांना दाखवा आणि स्नोबोर्ड करता हे आवर्जून सांगा. टॅलस हाडाच्या बाहेरच्या टोकाचं फ्रॅक्चर स्नोबोर्ड करणाऱ्यांमध्ये इतकं दिसतं की त्याला स्नोबोर्डर्स फ्रॅक्चर असंच नाव पडलंय, आणि ते साध्या एक्स-रेमध्ये सुटू शकतं.

बरं, आता फ्लेक्स. बूट आणि बाइंडिंगवर 1 ते 10 असा जो आकडा लिहिलेला असतो तो कुठल्याही सामायिक मापाचा नाही, प्रत्येक कंपनी आपल्या आपल्या मालातली तुलना सांगते. एका ब्रँडचा 5 दुसऱ्याच्या 7 एवढा लागू शकतो. म्हणून आकडे एकमेकांना जुळवत बसू नका, हातात घेऊन वाकवून बघा, हायबॅक वरून धरून पिळून बघा, मागे ढकलून बघा. हाताला जे कळतं ते आकड्यापेक्षा खरं असतं.

तरी जुळवायचं तत्त्व सोपं आहे: बूट, बाइंडिंग आणि बोर्ड साधारण एकाच कडकपणाच्या पट्ट्यात असावेत, आणि कुठेतरी फरक करायचाच असेल तर बुटाला मान द्या. मऊ बूट कडक बाइंडिंगमध्ये घातला तर काय होतं बघा. हायबॅक वाकत नाही पण बुटाची मागची भिंत वाकते, मग हायबॅकची वरची कड पोटरीत रुतते. कडक स्ट्रॅप मऊ बुटाला चेपतो आणि तो दाब थेट पावलावर उतरतो. म्हणजे तुम्हाला ज्याने त्याने सुचवलेलं कडक बाइंडिंग तुम्ही आज घेतलंत तर रिस्पॉन्स राहिला बाजूला, बधिरपणा दुप्पट होईल. उलट कडक बूट मऊ बाइंडिंगमध्ये असेल तर त्रास कमी होतो, फक्त सगळं बळ बाइंडिंगपाशी येऊन विरघळतं, वेगात कार्व्ह करताना (न घसरता कडेवर वळताना) हायबॅक आणि बेसप्लेट पिळली जाते आणि कड धरून ठेवताना विश्वास वाटत नाही. हायबॅक हा भाग 1980 च्या दशकात आला आणि त्यानंतरच कडक, घट्ट झालेल्या बर्फावर हीलसाइडला नीट कड लावता यायला लागली, त्याच्याआधी स्नोबोर्ड मुख्यत्वे मऊ, खोल बर्फातली गोष्ट होती. तेव्हा हायबॅकचं महत्त्व मी कमी करत नाहीये, पण त्याच्यावर रेलणारा बूट तेवढ्याच ताकदीचा हवा.

किती फ्लेक्स हे तुमच्यावर अवलंबून आहे. वजन जास्त असेल तर त्याच बाइंडिंगला तुम्ही जास्त वाकवता, म्हणजे हलक्या माणसाला मध्यम वाटणारं तुम्हाला मऊ लागेल. पार्कमध्ये, रेलवर (घसरत जायच्या दांड्यांवर), उड्या मारत वेळ जात असेल तर मऊकडे झुका, घोटा हलवायला मोकळीक मिळते. घट्ट पिस्टवर (दाबून सपाट केलेल्या उतारावर) वेगात कार्व्ह करायला आवडत असेल तर मध्यमपेक्षा थोडं कडक. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुम्ही वळणं जोडायला लागलायत, लाल (मध्यम अवघड) उतार सावकाश उतरता, आणि बोर्ड मध्यम आहे. मग मध्यम बूट, मध्यम बाइंडिंग, आणि बूट बाइंडिंगपेक्षा किंचित कडक झाला तरी हरकत नाही. कारण बूट सैलावत जातो, बाइंडिंग त्या मानाने तसंच राहतं.

मीडियम की लार्ज याचं उत्तर आज देताच येणार नाही, कारण ते पुढच्या बुटावर ठरणार. प्रत्येक कंपनीचा साइज चार्ट वेगळा असतो, आणि बाइंडिंगला कळते ती बुटाची बाहेरची लांबी आणि रुंदी, आत लिहिलेला नंबर नाही. हल्ली बरेच बूट आखूड सोलचे बनवतात, आतून 27 पण बाहेरून जुन्या 26 एवढे. म्हणून बूट घेऊन जा आणि बाइंडिंगमध्ये घालून बघा. टाच हीलकपमध्ये पूर्ण मागेपर्यंत गेली पाहिजे, फट नको, पण हातोडीने ठोकावीही लागता कामा नये. बूट डावीकडे-उजवीकडे हलता कामा नये. घोट्याचा पट्टा पावलाच्या मधोमध आला पाहिजे आणि आवळल्यावर लॅडरचे (स्ट्रॅपच्या दातेरी पट्टीचे) काही दात दोन्ही बाजूंना उरले पाहिजेत, शेवटच्या दातावर गेलात तर साइज चुकलाय. पुढे बेसप्लेटचा उतरता भाग, ज्याला गॅस पेडल म्हणतात, तो चवड्याखाली सोलला टेकला पाहिजे, नाहीतर टोसाइडला बूट पुढे हवेत राहतो. टोस्ट्रॅप (बोटांवरचा पट्टा) बुटाच्या नाकावर टोपीसारखा बसला तर बूट मागे हीलकपमध्ये ओढला जातो, हे चांगलं. काही बुटांचं नाक इतकं गोल आणि जाड असतं की स्ट्रॅप सुटून वर येतो, ते घातल्याशिवाय कळत नाही. दोन साइजच्या मधोमध असाल तर दोन्ही घालून बघा, मी स्वतः जो साइज बुटाला बाजूला हलू देत नाही त्याच्याकडे झुकतो.

लहान चण असलेल्या किंवा पोटरी खाली सुरू होणाऱ्या व्यक्तींना उंच हायबॅक रुततो, म्हणून महिलांच्या बाइंडिंगमध्ये हायबॅक बुटका असतो. पोटरीत रुतत असेल तर कुणीही ते वापरून बघावं, लेबलकडे बघू नये.

बोर्डला बाइंडिंग लागेल का हे पटकन. बोर्ड बघा, जोडीने चार भोकं चौकोनात, 4 गुणिले 4 सेंटीमीटर, किंवा लांबीच्या दिशेने 2 सेंटीमीटरच्या अंतराने जवळजवळ रांगा, म्हणजे 2 गुणिले 4, तर जवळपास सगळी बाइंडिंग्ज लागतात. मधोमध लांब खाच असेल तर तो बर्टन कंपनीचा चॅनल, त्याला त्या खाचेशी जुळणारी डिस्क (बाइंडिंग बोर्डला स्क्रूने धरणारी मधली चकती) लागते, आजकाल बहुतेक कंपन्या देतात पण जुनं बाइंडिंग घेताय तर खात्री करा. आणि बर्टनचीच ईएसटी बाइंडिंग्ज फक्त चॅनलवरच बसतात. त्रिकोणात तीन भोकं असतील तर तो बर्टनचा जुना थ्रीडी पॅटर्न, त्याला वेगळी डिस्क हवी.

बोर्डच्या रुंदीबद्दलही बोलायला हवं, कारण बूट बदलला की हे बदलतं. बूट बोर्डच्या दोन्ही कडांच्या बाहेर थोडा येतोच, प्रत्येक बाजूला सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर चालतं, नाहीतर कडेवर जोरच येणार नाही. जास्त आला तर तीव्र वळणात बोटं किंवा टाच बर्फाला घासते आणि कड सुटते. वेबसाइटवर दिलेली कमरेची रुंदी बोर्डच्या सगळ्यात अरुंद जागेची असते, पाय असतात तिथे बोर्ड जरा रुंद असतो, म्हणून मोजायचं तर भोकांपाशी मोजा. किंवा बूट अडकवून बोर्ड जमिनीवर कडेवर तिरका करा, बूट जमिनीला कुठल्या कोनात टेकतो ते डोळ्यांनी दिसतं. 28 चा बूट उतरून 27 किंवा 26.5 वर आलात तर ही काळजी तुमच्यासाठी आपोआप कमी होईल.

स्टेप ऑन. 1990 च्या दशकात स्टेप-इन बाइंडिंग्ज आली होती, के2 चं क्लिकर वगैरे, तेव्हा सोलखाली बर्फ जमून अडकायचं नाही आणि बुटातच कडक सांगाडा घालावा लागायचा म्हणून आरामही गेला होता, त्यामुळे जुन्या लोकांचा या प्रकारावर राग आहे. बर्टनचं स्टेप ऑन 2017 ला आलं, त्यात टाच मागे एका ठिकाणी आणि चवड्याच्या दोन्ही बाजूंना दोन ठिकाणी अडकते, हायबॅक बाहेरच राहतो. चालतं, आणि चांगलं चालतं. पण घोट्यावर स्ट्रॅपच नसतो. म्हणजे टाच खाली धरायचं सगळं काम बुटावर येतं, तुमच्याकडे आवळायला काहीच उरत नाही. सैल बुटात टाच उचलणाऱ्या माणसाने स्टेप ऑन घेतलं तर त्याला टोसाइड आजच्यापेक्षा वाईट वाटेल. उलट पावलावर स्ट्रॅपचा दाब सहनच होत नाही आणि बूट अगदी नेमका बसतो अशा माणसासाठी ते वरदान आहे. त्याला त्याचेच बूट लागतात, इतर काही कंपन्याही परवाना घेऊन तसे बूट बनवतात. ते बूट साध्या स्ट्रॅप बाइंडिंगमध्येही चालतात, साधे बूट स्टेप ऑनमध्ये चालत नाहीत. मागून पाय घालायची बाइंडिंग्ज, फ्लोची किंवा निडेकरचं सुपरमॅटिक, कुठल्याही साध्या बुटाबरोबर चालतात, तेव्हा बसून स्ट्रॅप लावायचा कंटाळा एवढंच कारण असेल तर आधी ती बघा.

इथपर्यंतचं एका दमात: पाऊल मोजा, लायनरच्या सोलवर उभे राहा, बूट मोठा निघाला तर बूट बदला, त्या बुटानुसार बाइंडिंगचा साइज आणि फ्लेक्स ठरवा, आणि तोवर हातातलं बाइंडिंग नीट सेट करा. शेवटचं फुकट आहे आणि त्यानेही बराच फरक पडतो, म्हणून ते सविस्तर.

स्क्रू फिरवायला 3 नंबरचा पोझिड्राइव्ह (फुलीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर) घ्या, लहान स्क्रूड्रायव्हरने स्क्रूचं डोकं खराब होतं. आधी डिस्क अशी फिरवा की तिच्या खाचा बोटं-टाच दिशेला येतील, मग बूट अडकवून पुढे आणि मागे बोर्डच्या कडेबाहेर किती येतो ते बघून बाइंडिंग सरकवा, दोन्ही बाजूंना सारखं येईपर्यंत. मोजताना पायाच्या दिशेतच मोजा. बूट टाचेकडे सरकलेला असेल तर टोसाइडला तरफेचा जोर कमी पडतो आणि तीही "स्लो" वाटते, तुमच्यासाठी हे बघणं फार गरजेचं आहे. कोन सुरुवातीला पुढचा +15, मागचा -6 ते -9 अंश ठेवा (अधिक म्हणजे बोटं बोर्डच्या पुढच्या टोकाकडे वळलेली, वजा म्हणजे मागच्या टोकाकडे), गुडघ्यांना बरं वाटलं तर राहू द्या, हे प्रत्येकाच्या कंबर-गुडघ्यावर अवलंबून असतं. दोन बाइंडिंगमधलं अंतर खांद्यांएवढं किंवा किंचित जास्त. हायबॅक ढिला करून फिरवा, तो बोर्डच्या टाचेकडच्या कडेला समांतर यायला हवा, पायाच्या कोनाला नाही. फॉरवर्ड लीन (हायबॅकचा पुढे झुकाव) आत्ता शून्यावर किंवा अगदी कमी, कारण तो वाढवला की पोटरीवर सतत दाब येतो आणि तुमचे पाय आधीच थकतायत.

स्ट्रॅपचा क्रम असा: बूट पूर्ण बांधून घ्या, टाच जमिनीवर दोनदा आपटा म्हणजे ती मागे बसते, मग बाइंडिंगमध्ये मागेपर्यंत सरकवा, आधी घोट्याचा स्ट्रॅप घट्ट, मग टोस्ट्रॅप, मग गुडघा वाकवून नडगी पुढे दाबून घोट्याचा स्ट्रॅप अजून एक-दोन दात. त्यापेक्षा जास्त आवळायची गरज वाटली तर हात थांबवा आणि बूट तपासा. बऱ्याच बाइंडिंगमध्ये घोट्याचा स्ट्रॅप कुठल्या भोकात बसवायचा ते बदलता येतं, वरच्या भोकात रिस्पॉन्स जास्त, खालच्यात मोकळीक जास्त. दाब पावलाच्या एकाच रेषेत येत असेल तर एक भोक बदलून बघा, कधीकधी एवढ्यानेच बधिरपणा निम्म्यावर येतो.

स्क्रू घट्ट करा पण जीव काढून नाही, फार आवळले तर बोर्डच्या तळाला फुगवटे किंवा खळगे पडतात. पहिल्या दोन-तीन उतारांनंतर एकदा परत तपासा, नव्याने बसवलेले स्क्रू थोडे ढिले होतातच. वापरलेलं बाइंडिंग घेत असाल तर डिस्कभोवती बेसप्लेटला बारीक चिरा आहेत का, लॅडरचे दात झिजून गोल झालेत का, आणि रॅचेट (लॅडर आवळणारी कळ) दाब देऊन ओढल्यावर सुटतं का, एवढं बघितल्याशिवाय घेऊ नका. स्कीच्या बाइंडिंगसारखं स्नोबोर्डचं बाइंडिंग पडल्यावर आपोआप सुटत नाही, ते शेवटपर्यंत धरून राहणं हेच त्याचं काम आहे, त्यामुळे त्यातला प्रत्येक भाग भरवशाचा हवा.

आज संध्याकाळी पाऊल मोजलंत की दोन्ही पायांचे मिलिमीटरमधले आकडे, सोलवर उभं राहून उरलेली जागा आणि तुमचं वजन इथे लिहा, आणि बोर्डवरच्या भोकांचा एक फोटो टाका. पाऊल रुंद असेल तर तेही सांगा, कारण मग मी नंबर वाढवण्याऐवजी रुंद फिटिंगचे बूट सुचवीन.